घरातल्या चार संगणकांसाठी बॅकअप सॉफ्टवेअर निवडताना

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : घरात विंडोज ११ चा एक डेस्कटॉप, विंडोज १० वर चालणारा एक लॅपटॉप, एक मॅकबुक आणि चार टेराबाइटची डिस्क बसवलेला, लिनक्स घातलेला एक जुना संगणक आहे, चारही एकाच राउटरला जोडलेले आहेत, सध्या ज्याला जेव्हा आठवण होते तेव्हा तो आपली फोल्डरे पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो, आता सर्वांसाठी मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यावे असे आपल्या मनात आहे आणि सहा नावांची यादी देऊन त्यातले सर्वांत चांगले कोणते, असे आपण विचारले आहे. घरगुती आणि लहान कार्यालयांच्या नेटवर्कवर बॅकअप बसवून देण्याचे, आणि बिघाड झाल्यावर तोच बॅकअप परत उतरवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या आधारावर उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो.

दोन्ही विंडोज संगणकांसाठी लिनक्सच्या संगणकावर यूआरबॅकअप हे नेटवर्कवरील संगणकांचा बॅकअप गोळा करणारे सॉफ्टवेअर बसवावे. मॅकबुकसाठी त्याच्यातच असलेले टाइम मशीन वापरावे आणि त्याचा साठा त्याच लिनक्स संगणकावर ठेवावा. लिनक्स संगणकावर जमा झालेल्या महत्त्वाच्या फायलींची आणखी एक कूटबद्ध, म्हणजे पासवर्डखेरीज वाचता न येणारी, प्रत रेस्टिक या सॉफ्टवेअरने बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घराबाहेर ठेवावी. म्हणजे एका सॉफ्टवेअरऐवजी तीन झाली, हे मी जाणतो. पण एकाच सॉफ्टवेअरने सगळे भागवण्याच्या हट्टापायी मॅकवर अर्धवट आणि विंडोजवर अडचणीचे असे काहीतरी पदरी पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यादीतील सहाही सॉफ्टवेअर बॅकअप घेतात आणि सहाही चांगला घेतात. त्यांच्यातला फरक दिसतो तो परत उतरवण्याच्या वेळी. म्हणून निवड करण्यापूर्वी कागदावर तीन प्रसंग लिहून काढावेत. पहिला, तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी चुकून पुसलेली फाइल आज हवी आहे. दुसरा, डेस्कटॉपची डिस्क मेली आहे आणि दुपारपर्यंत तो होता तसा चालू करायचा आहे. तिसरा, खंडणीखोर व्हायरसने घरातल्या सगळ्या संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या आहेत, किंवा चोरी, आग, पाणी यांमुळे सगळी यंत्रे एकदमच गेली आहेत. पहिल्या प्रसंगाला जुन्या आवृत्त्या लागतात, दुसऱ्याला संपूर्ण डिस्कची प्रतिमा लागते, तिसऱ्याला संगणकांच्या हाताला न लागणारी प्रत लागते. ज्या सॉफ्टवेअरला यांपैकी एकाच प्रसंगाचे उत्तर देता येते ते वाईट ठरत नाही. मात्र उरलेल्या दोन प्रसंगांची सोय आपल्याला वेगळी करावी लागते.

या कसोटीवर दोन गोष्टी लगेच बाजूला होतात. संगणकांतली फोल्डरे आपोआप एकसारखी ठेवणारे सिंकथिंगसारखे सॉफ्टवेअर किंवा क्लाउडमधले समक्रमित फोल्डर हा बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी पुसलेली फाइल ते इमानाने सगळीकडे पुसते. जुन्या आवृत्त्या राखण्याची त्यांची सोय मर्यादित असते आणि बहुतेकांनी ती चालू केलेलीच नसते. तसेच दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिले जाईल अशा, जोडणे हाही बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग; चुकीने पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते.

आता फाइलींचा बॅकअप आणि डिस्कची प्रतिमा यांतला भेद, कारण घरोघरी सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फाइलींच्या बॅकअपमध्ये फोटो, कागदपत्रे, हिशेब परत मिळतात. पण प्रणाली, प्रिंटरची ड्रायव्हर्स, विकत घेतलेली सॉफ्टवेअर आणि त्यांच्या सेटिंग्ज पुन्हा बसवाव्या लागतात आणि त्यात एक-दोन दिवस जातात. प्रतिमेत सगळेच येते, पण ती मोठी असते आणि वेगळ्या जातीच्या संगणकावर ती जशीच्या तशी चालेलच याची खात्री नसते. माझा नेम असा की ज्या यंत्रावर किचकट सॉफ्टवेअर बसवलेली आहेत त्याचीच प्रतिमा घ्यावी, म्हणजे आपल्या घरात डेस्कटॉपची. लॅपटॉपला फाइलींचा बॅकअप पुरे. प्रतिमा घेणार असाल तर ती परत उतरवण्याचा पेन ड्राइव्ह आजच तयार करून त्यावरून डेस्कटॉप एकदा सुरू करून पाहावा. त्या पडद्यावर आपला सर्व्हर, म्हणजे बॅकअप साठवणारा तो लिनक्स संगणक, दिसतो का, एवढेच पाहायचे आणि काहीही न बदलता बाहेर पडायचे. नेटवर्क कार्ड नवे असेल आणि पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीत त्याचे ड्रायव्हर नसेल, तर सर्व्हर दिसत नाही. हे आज कळले तर दहा मिनिटांचे काम आहे, डिस्क मेल्यावर कळले तर दिवस जातो. डेस्कटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. आणि बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. प्रतिमेचा बॅकअप अर्ध्यातच थांबतो तो पुष्कळदा याच कारणाने.

चालू संगणकावरील उघड्या फाइलींचा प्रश्नही इथेच येतो. विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सोय आहे. ती डिस्कची एका क्षणाची स्थिर अवस्था गोठवून देते आणि सॉफ्टवेअर त्या गोठलेल्या अवस्थेतून वाचते. ही सोय न वापरणारे सॉफ्टवेअर आउटलुकची उघडी पीएसटी फाइल, जिच्यात सगळे ईमेल साठलेले असतात, वगळून पुढे जाते आणि शेवटी हिरवी खूण दाखवते. यूआरबॅकअप ही सोय स्वतःहून वापरते. रेस्टिकमध्ये ती वेगळा पर्याय देऊन चालू करावी लागते आणि त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. सॉफ्टवेअर निवडताना मी सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न हाच.

त्याच पीएसटी फाइलीवरून साठ्याच्या पद्धतीतला फरकही समजून घेता येतो. समजा ती फाइल सहा गिगाबाइटची आहे आणि रोज तिच्यात पाच-दहा ईमेल येतात. जी सॉफ्टवेअर न बदललेल्या फाइलींसाठी हार्ड लिंक, म्हणजे आधीच साठवलेल्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, करतात आणि बदललेली फाइल संपूर्ण नव्याने साठवतात, ती या एका फाइलीसाठी रोज सहा गिगाबाइट खातात, म्हणजे तीस दिवसांत १८० गिगाबाइट. जी सॉफ्टवेअर फाइलीचे तुकडे करून एकसारखे तुकडे एकदाच ठेवतात, जसे रेस्टिक, बोर्ग, कोपिया, डुप्लिकाटी, त्यांना तेवढ्याच कामासाठी बरीच कमी जागा लागते. लिनक्समध्ये डिस्कची मांडणी ईएक्सटी४, बीटीआरएफएस अशा वेगवेगळ्या पद्धतींनी करता येते. यूआरबॅकअपचा साठा साध्या ईएक्सटी४ विभागावर असेल तर ते पहिल्या प्रकारात मोडते; बीटीआरएफएस विभागावर असेल तर बदललेले भाग तेवढेच नव्याने साठवते. म्हणून चार टेराबाइटची ती डिस्क सुरुवातीलाच बीटीआरएफएसमध्ये फॉरमॅट करावी असे मी आग्रहाने सांगेन. साठा भरल्यावर हे बदलायचे म्हटले तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आता नेटवर्कशी थेट संबंध असलेला मुद्दा, ज्यावर माझी निवड सर्वाधिक अवलंबून आहे. बॅकअप दोन प्रकारे होतो : संगणक स्वतः आपल्या फायली सर्व्हरवर ढकलतो, किंवा सर्व्हर त्या संगणकाकडून ओढून घेतो. घरोघरी पहिला प्रकार असतो. सर्व्हरवरचे एक सामायिक फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले असते, पासवर्ड विंडोजने लक्षात ठेवलेला असतो आणि विंडोजमधलीच फाइल हिस्ट्री किंवा दुसरे एखादे बॅकअप सॉफ्टवेअर तिथे लिहीत असते. जे त्या सॉफ्टवेअरला लिहिता येते ते त्या संगणकात शिरलेल्या व्हायरसलाही लिहिता येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल सामायिक करण्याच्या जुन्या प्रोटोकॉलमधील त्रुटीतून, आणि ती त्रुटी बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. असे व्हायरस संगणकावरच्या शॅडो प्रती पुसतात आणि जोडलेल्या ड्राइव्हवरील फायलीही कूटबद्ध करतात. झेड ड्राइव्हवरचा बॅकअप अशा वेळी मूळ फाइलींबरोबरच जातो.

ओढून घेण्याच्या पद्धतीत संगणकाकडे सर्व्हरचा पासवर्ड नसतोच. यूआरबॅकअपचा सर्व्हर नेटवर्कवरील आपले क्लायंट, म्हणजे ज्यांचा बॅकअप घ्यायचा ते संगणक, स्वतः शोधतो, त्यांच्याकडून फायली मागून घेतो आणि साठा आपल्याजवळ ठेवतो. क्लायंटला जुन्या प्रती पुसता येऊ नयेत अशी व्यवस्था ठेवता येते. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर पुढच्या बॅकअपमध्ये त्या कुलूपबंद फायली येतील हे खरे, पण त्याआधीच्या दिवसांच्या प्रती शाबूत राहतात. बॅकअपपीसी हेही याच पद्धतीचे, जुने आणि भरवशाचे सॉफ्टवेअर आहे. मात्र त्यात डिस्कच्या प्रतिमेची सोय नाही. ढकलण्याच्या पद्धतीतच राहायचे असेल तर रेस्टिकचा सर्व्हर केवळ भर घालू देणाऱ्या अवस्थेत चालवता येतो, किंवा सर्व्हरवर बीटीआरएफएसचे रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या अवस्था, घेता येतात, जे संगणकांना दिसतही नाहीत. या सगळ्यात एक अट मात्र पाळावीच लागते : लिनक्सचा तो संगणक बॅकअपखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरू नये, त्याचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कोणत्याही पासवर्डसारखा नसावा, आणि यूआरबॅकअपचे वेब पान राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडून देऊ नये.

लॅपटॉपच्या बाबतीत वेळापत्रकही पाहावे लागते. रात्री दोन वाजता बॅकअप घ्या असे सांगितलेल्या सॉफ्टवेअरला लॅपटॉप त्या वेळी मिटलेला सापडतो आणि महिनोन्‌महिने बॅकअपच होत नाही. लॅपटॉप नेटवर्कवर दिसला आणि ठरलेली मुदत उलटलेली असली की काम सुरू करणारे सॉफ्टवेअरच घरात चालते.

मॅकबुकसाठी मी टाइम मशीन सुचवले ते त्याच्या साधेपणामुळे. २००७ च्या लेपर्डपासून ते प्रणालीतच आहे. मागील चोवीस तासांच्या तासातासाच्या, मागील महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्यांच्या प्रती ते स्वतः राखते, आणि नवा मॅक घेतला तर सगळे त्यावर उतरवून देते. लिनक्सवर सांबाच्या, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फ्रूट मॉड्यूलमधून त्याला जागा देता येते. मात्र जागेची कमाल मर्यादा घालून द्यावी, कारण डिस्क भरेपर्यंत जुन्या प्रती ठेवत जाण्याचा त्याचा स्वभाव आहे आणि मग विंडोजच्या बॅकअपला जागा उरत नाही. नेटवर्कवरचा टाइम मशीनचा साठा कधी कधी पडताळणीत नापास होतो आणि नवा बॅकअप पहिल्यापासून सुरू करावा लागेल असा संदेश येतो. यासाठी महिन्यातून एकदा एखादी यूएसबी डिस्क थेट मॅकला लावून तिच्यावरही टाइम मशीनचा बॅकअप घ्यावा. ते आळीपाळीने दोन्हीकडे लिहू शकते.

आपल्या यादीतील एक सॉफ्टवेअर मी सुचवले नाही, कारण त्याची मोफत आवृत्ती आता उरलेली नाही : डिस्कची प्रतिमा घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचे सुरक्षा अपडेट २०२४ च्या सुरुवातीला थांबले. याआधी क्रॅशप्लॅन या बॅकअप सेवेने घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. यात कोणाची फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. मुदत देण्यात आली होती. पण बॅकअप दहा वर्षे टिकवायचा असतो, त्यामुळे ते सॉफ्टवेअर बनवणारे उद्या नसले तरी आपल्या फायली आपल्याला वाचता येतील का, हा प्रश्न विचारायलाच हवा. यूआरबॅकअपच्या बाजूने माझे मत झुकते ते इथेही. त्याच्या साठ्यात प्रत्येक संगणकाच्या नावाचे फोल्डर असते, त्यात २५०३१४-०२१५ अशा नावाचे, म्हणजे १४ मार्च २०२५ च्या रात्री सव्वादोनच्या बॅकअपचे फोल्डर असते, आणि त्यात फायली जशा होत्या तशाच पडलेल्या असतात. सॉफ्टवेअर नसले तरी त्या उघडता येतात. विंडोजसाठी वीमचा मोफत एजंट प्रतिमेच्या कामात उत्तम आहे आणि घरात केवळ डेस्कटॉपच असता तर मी तोच सुचवला असता. पण त्याचा साठा त्याच्या स्वतःच्या स्वरूपात असतो आणि तो संगणकाकडून ढकलणाऱ्या पद्धतीचा आहे.

डुप्लिकाटीविषयी आपण विशेष विचारले आहे. त्याचा चेहरा सुबक आहे, कूटबद्धता चांगली आहे. मात्र कोणते तुकडे कुठे आहेत याची नोंद ते मूळ संगणकावरच्या एका डेटाबेसमध्ये ठेवते, आणि मूळ संगणकच गेला असेल तर परत उतरवण्याआधी ती नोंद साठ्यातून पुन्हा तयार करावी लागते. साठा मोठा असेल तर हे काम लांबते, आणि तेही नेमक्या त्या दिवशी, जेव्हा घरातले सगळे आपल्याकडे पाहत असतात.

पहिला बॅकअप मात्र केबलनेच घ्यावा. गिगाबिटच्या केबलवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, म्हणजे एक टेराबाइटला अडीच-पावणेतीन तास लागतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्यालाच एक अख्खा दिवस लागतो. जुन्या केबलमधली एखादी तार तुटलेली असली तर जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, कारण त्या वेगाला तारांच्या दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. वेग कमी वाटला तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. इंटरनेटवरून बाहेर पाठवायचे म्हटले तर २० मेगाबिटच्या अपलोडला एक टेराबाइटसाठी साडेचार दिवसांहून अधिक लागतात, तेही अखंड. म्हणूनच घराबाहेरच्या प्रतीसाठी मी बाहेरची डिस्क सुचवली आहे.

आपण फाइलींना मराठी नावे देत असाल तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. विंडोजमध्ये फाइलीचे नाव २५५ वर्णचिन्हांपर्यंत लांब असू शकते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालींत मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे लिनक्सवर ८५ चिन्हे झाली की नाव संपले. फोटोंच्या फोल्डरांना समारंभ, तारीख आणि उपस्थितांची नावे असे लांबलचक नाव देण्याची सवय असेल तर ती फोल्डरे अडू शकतात. काही तयार नॅस यंत्रांतील, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या साठवण-यंत्रांतील, कूटबद्ध फोल्डर ईक्रिप्टएफएस या पद्धतीवर चालतात आणि तिथे मर्यादा १४३ बाइट, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हे एवढीच असते.

एका घरात मी पाहिलेला प्रकार सांगतो. डेस्कटॉपची छोटी डिस्क भरली म्हणून घरातल्या मुलाने डॉक्युमेंट्सचे फोल्डर डी ड्राइव्हवर हलवले. बॅकअप जुन्याच जागेचा होत राहिला. तिथे आता एक रिकामे फोल्डर होते. दर आठवड्याला यशस्वी झाल्याचा ईमेल येत होता. आठ महिन्यांनी डी ड्राइव्ह बंद पडली तेव्हा मी नोंदी काढून पाहिल्या : आधी वीस-बावीस मिनिटे चालणारा बॅकअप त्या दिवसापासून ४० सेकंदांत संपत होता. आकडा समोर होता, पण ईमेलमध्ये फक्त यशस्वी एवढाच शब्द असल्याने तो कोणी पाहिला नाही. त्यातले वर्षभराचे हिशेब परत मिळाले नाहीत. तेव्हापासून, किती फायली आणि किती गिगाबाइट गेले हे पहिल्याच पानावर न दाखवणारे सॉफ्टवेअर मी बसवत नाही. केवळ चूक झाल्यावरच ईमेल पाठवणारे सॉफ्टवेअरही पुरेसे नाही, कारण संगणक बंदच असेल तर चूक होत नाही आणि ईमेलही येत नाही. यूआरबॅकअपच्या पानावर प्रत्येक संगणकासमोर शेवटचा बॅकअप कधीचा ते दिसते आणि बरेच दिवस झाले असतील तर ते लाल अक्षरांत दिसते.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा कोणालाच उघडता येत नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. तो कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवावा, आणि त्यातले एक ठिकाण त्या डिस्कजवळचे नसावे. जुन्या प्रती किती ठेवायच्या याला माझा नेहमीचा आकडा सात दिवसांच्या रोजच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या असा आहे. हिशेबाची कागदपत्रे असतील तर वर्षाची एक प्रत कायमची ठेवावी.

आता क्रम. या आठवड्यात चार टेराबाइटची डिस्क बीटीआरएफएसमध्ये तयार करून यूआरबॅकअप बसवावे आणि पहिल्यांदा लॅपटॉप जोडावा, डेस्कटॉप नंतर. लॅपटॉपची घाई यासाठी की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून नव्या प्रणालीवर जाताना काही बिनसले तर हाताशी बॅकअप असलाच पाहिजे. डिस्कची मांडणी झाल्यावर मॅकसाठी एक टेराबाइटची मर्यादा घालून टाइम मशीन सुरू करावे. पुढच्या आठवड्यात बाहेरची डिस्क आणून प्रत्येक संगणकाच्या सर्वांत ताज्या फाइल-बॅकअपच्या फोल्डरची रेस्टिकने प्रत घ्यावी. ती डिस्क घराबाहेर नेण्यापूर्वी एकदा मॅकबुकला लावावी, त्यावर रेस्टिक उतरवून घ्यावे, आणि जवळ फक्त तो पासवर्डचा कागद ठेवून लॅपटॉपमधला एक जुना फोटो काढून उघडून पाहावा. हे काम आपण स्वतः न करता घरातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. ती व्यक्ती जिथे अडेल तिथली सूचना कागदावर वाढवावी आणि मगच डिस्क बाहेर न्यावी.